कडुलिंबाचा डहाळा ते वॉर्डाचे दार

वऱ्हाडात आजाऱ्याला वेगळे ठेवण्याची रीत दवाखान्यांहून जुनी आहे. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. तो दिसला की परका माणूस उंबरठ्यावरूनच मागे फिरे. चुलीवर फोडणी पडत नसे. आजाऱ्याच्या अंगावरून लिंबाचा पाला फिरवत. श्रद्धा देवीवर होती, पण त्या डहाळ्याने ये-जा थांबे, हे महत्त्वाचे. प्लेगात तर गावेच्या गावे रिकामी होत आणि माणसे शेतात झोपड्या घालून राहत. हेतू दोन्हीकडे एकच: बाधितापासून बाकीच्यांना वाचवणे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दिशा उलटली. कर्करोगावरील औषधे आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण वॉर्डात दिसू लागले. त्यांच्यासाठी बाहेरून येणारा निरोगी माणूसच धोक्याचा. साधी सर्दी असलेल्या नातेवाइकाला दारातच थांबवायचे, हा नियम तेव्हापासूनचा.

मेळघाटातील आदिवासी वस्तीमुळे अमरावती जिल्ह्यात या प्रश्नाला सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची जोड आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये जेमतेम १० ते २०. पार्वोव्हायरस बी१९ हा विषाणू नव्या पेशींची निर्मिती काही दिवस थांबवतो. एरवी मुलाच्या गालांवर लाली येऊन भागते. सिकलसेलच्या मुलाचे हिमोग्लोबिन मात्र धडाधड उतरते आणि तातडीने रक्त द्यावे लागते. हा विषाणू १९७५ मध्ये लंडनमध्ये सापडला; सिकलसेलशी त्याचा संबंध १९८१ मध्ये उघड झाला. त्यावर लस नाही. म्हणून अशा मुलाची खाट दुसऱ्या सिकलसेल रुग्णाशेजारी लावायची नाही आणि गरोदर परिचारिकेकडे त्याचे काम द्यायचे नाही. अल्कोहोलला हा विषाणू सहसा दाद देत नाही, त्यामुळे साबण-पाण्यानेच हात धुवायचे. इतकी साधी गोष्ट नेटाने पाळली तर जीव वाचतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात आधी उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. १ मार्चपासून सहव्याधी असलेल्यांना लस मिळू लागली. यादीत डायलिसिस, रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही आणि सिकलसेलही होते, पण वयाची अट ४५ची. सिकलसेलचे बहुतेक रुग्ण तरुण. ज्यांना लस सर्वांत निकडीची, तेच अटीबाहेर राहिले. १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मे रोजी खुले झाले. साठा अपुरा पडल्याने महाराष्ट्रात ४४ वर्षांपर्यंतच्यांचे लसीकरण त्याच महिन्यात थांबवावे लागले आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाले.