वऱ्हाडांतील मोहाची भट्टी व कलालीचे कागद

वलगांव हें अमरावतीहून परतवाड्यास जाणाऱ्या मार्गावर पेढी नदीच्या कांठीं वसलेलें गांव. हाच मार्ग पुढें मेळघाटाकडे जातो. या वाटेनें जाणाऱ्या संशोधकाचें लक्ष बहुधा गाविलगडावर असतें. मोहाच्या दारूच्या जुन्या व्यवसायाचा माग क्वचितच काढला जातो. त्याचें कारण उघड आहे. या व्यवसायानें पाहण्याजोगी वास्तु मागें ठेविली नाहीं.

स्कॉटलंडांत निराळें घडलें. तेथें १८२३ च्या कायद्यानें कर उतरला आणि वार्षिक १० पौंडांत परवाना मिळूं लागला. १८२४ सालीं ग्लेनलिव्हेट येथील जॉर्ज स्मिथनें तो घेतला. अशा रीतीनें चोरट्या भट्टीचा राजमान्य कारखाना झाला, आणि आज स्पे नदीच्या खोऱ्यांतील असे कारखाने पाहत प्रवासी हिंडतात.

वऱ्हाडची भट्टी म्हणजे चुलीवरचें मडकें. चैत्राच्या सुमारास गळणारीं मोहाचीं फुलें वाळवून ठेवावयाचीं, पाण्यांत आंबवावयाचीं, मग उकळून त्यांची वाफ नळीवाटे थंड भांड्यांत उतरवावयाची. काम आटोपलें कीं चूल मोडावयाची.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी अंमलाखालीं आलें. त्यानंतर आबकारीचे दोन प्रकार दिसतात. एकांत दुकानाचा मक्ता लिलांवानें देत व मक्तेदार आपल्याच भट्टीवर दारू गाळी. दुसऱ्यांत सरकारी आवारांत गाळून मापावर कर भरावा लागे. परवान्यावांचूनची भट्टी दोहोंतही गुन्हाच. परंतु दुसऱ्या प्रकारांत मक्तेदाराची गांवची भट्टीही गेली. स्कॉटलंडांत कायद्यानें लहान भट्टीस स्थैर्य दिलें, येथें तिचें ठिकाणच मोडलें. पुढें १९३८ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडासाठीं दारूबंदीचा कायदाही झाला.

म्हणून या विषयाचीं साधनें म्हणजे कागदच: कलालीचे मक्ते, कबुलायती, लिलांवाचे जाहीरनामे, आबकारीचे हिशेब. सनदा व वंशावळी आपण जपतों. कलालाच्या घरचें दप्तर सहज रद्दींत जातें.

हा वारसा मात्र केवळ कौतुकाचा नव्हे. याच जिल्ह्यांत शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या वडिलांचा अंत दारूच्या व्यसनानें झाला, असें चरित्रकार सांगतात. महाराजांनीं व्यसनांविरुद्ध जन्मभर कीर्तनें केलीं, आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं पेढीच्या कांठीं वलगांवापाशींच देह ठेविला. भट्टीचा इतिहास लिहिणारास मक्त्याच्या जमेबरोबर घरोघरचा हा खर्चही मांडावा लागेल. कलालीचे असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते जपावे व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, एवढीच विनंती.