वनस्पतीच्या डब्यातले कागद

अमळनेरच्या आमच्या घरी शेअरचे कागद सनफ्लॉवर वनस्पतीच्या रिकाम्या डब्यात असत. डबा कंपनीचा, कागदही त्याच कंपनीचे. आबांना तीच जागा योग्य वाटली असावी, असं आत्या सांगते.

आबा शेंगांच्या अडतीवर दिवाणजी होते. मोहम्मद हाशम प्रेमजींनी 1945 च्या डिसेंबरात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' स्थापन केली ती इथेच, भुईमुगाच्या या मुलखात. वनस्पती तूप आणि '787' हा कपड्यांचा साबण, यावर गावातली कितीतरी घरं चालत. 1966 मध्ये प्रेमजी गेले आणि स्टॅनफर्डमध्ये शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम, कारभार सांभाळायला परतला. अडतीवर तेव्हा कुजबुज झाली म्हणे, की एवढ्याशा पोराला हे झेपायचं कसं.

आबांनी शेअर कधी घेतले, ते साल आत्याला सांगता येत नाही. "सुकडी खाल्ली ना, त्याच्या पुढच्या दिवाळीत," ती म्हणते. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतर. आजीचा जीव सोन्यात होता. कागदापेक्षा एखादा तोळा घ्या, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. आबांचं उत्तर ठरलेलं: "भोंगा वाजतोय ना?" कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येतोय तोवर त्यांना दुसरी चौकशी करावीशी वाटली नाही.

गावातल्या लोकांच्या शेअर न विकण्याच्या धीराचं आता फार कौतुक होतं. मला वाटतं, तो धीर बराचसा आपलेपणाचा होता. जिथे भाऊबंद कामाला जातात, त्या कंपनीचा कागद विकायचा म्हणजे घरातली पितळी भांडी मोडीत काढल्यासारखं. तरी आत्याच्या लग्नात आबांनी निम्मे विकलेच. त्याची खंत तिला आजही आहे. मी तिला सांगतो, की लग्न कर्जाशिवाय पार पडलं, हेही त्या कागदांनीच केलं.

परवा तिच्यासमोर बसून हिशोब मांडला. 1997 च्या सुरुवातीचा एकच शेअर धरला. त्या वर्षी एकाला दोन बोनस: 3. 1999 मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे: 15. 2004 मध्ये पुन्हा एकाला दोन, 45. पुढच्याच वर्षी 90. 2010 मध्ये तिनाला दोन, 150. मग 2017 ला 300, 2019 ला 400 आणि 2024 ला 800. आत्या बोटांवर मोजता मोजता थांबली. अर्थात बोनसने एका रात्रीत कोणी श्रीमंत होत नाही. शेअर वाढतात त्याच प्रमाणात एकेकाचा भाव उतरतो. तो पुन्हा चढला, कारण तेल-साबणाची कंपनी ऐंशीच्या दशकात संगणकाकडे वळली आणि विप्रो म्हणून जगभर गेली. हे भोंग्यावरून आबांना कसं कळावं?

त्याच डब्यात एका कापड गिरणीचेही शेअर होते. तिचाही भोंगा त्यांनी तितक्याच विश्वासाने ऐकला होता. ती गिरणी कायमची बंद पडली.

आबा गेल्यावर आम्ही धुळ्याला आलो आणि पत्ता बदलून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. डिव्हिडंडची पाकिटं बंद घरी जात राहिली. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही, की तो आणि त्यामागचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. तसेच आमचेही झाले. ते परत मागता येतात, पण त्याआधी मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, डीमॅट खातं. कागदावर आबांचं नाव एका स्पेलिंगचं, दाखल्यावर दुसऱ्या. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. थरथरत्या हाताने आत्याने अकरा ठिकाणी सह्या केल्या. आबा असतानाच नॉमिनी नोंदवायला एक अर्ज पुरला असता.

ते कागद गेले. डब्यात आता गिरणीचे तेवढे उरलेत. टाकून देऊ का, विचारलं, तर आत्याने डबा जवळ ओढला.

"आबांचं नाव आहे त्यावर," ती म्हणाली, आणि झाकण लावून घेतलं.