भोंगा, तबकडी आणि आशा पुथली

बीड, केज, परळीकडच्या जुन्या पिढीतील अनेकांनी तबकडीवरचे गाणे प्रथम ऐकले ते लग्नमांडवातल्या भोंग्यावर. लाऊडस्पीकरवाला पेटी उघडून तबकडी लावी आणि गाणे शिवारापलीकडे पोहोचे. मात्र पोहोचे ते अर्धेच. गायिकेचा आवाज टोकदार होऊन येई, ढोलाचा घुमारा येतच नसे. मुंबईच्या एका गायिकेची डिस्को-सोल तबकडी पन्नास वर्षे का टिकली, हे समजून घ्यायचे तर या हरवलेल्या अर्ध्या गाण्यापासून सुरुवात करावी लागते. #थ्रेड

आशा पुथली मुंबईत जन्मल्या आणि वाढल्या. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा, दोन्हींची तालीम त्यांनी घेतली. मन मात्र जॅझमध्ये रमले. लेखक वेद मेहता यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिले. त्या अमेरिकेत गेल्यावर कोलंबिया कंपनीचे जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरले. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे तेच हे हॅमंड.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या तबकडीवर पुथलींची दोन गीते आहेत. कोलमन यांच्या संगीतात ठरलेल्या कॉर्डच्या मालिकेचा आधार गायकाला मिळत नाही. षड्ज मनात धरून गाण्याची सवय असलेल्या गळ्याला अशी मोकळी वाट परकी वाटली नसावी.

पुढे त्यांनी वाट बदलली. १९७६ मध्ये सीबीएस कंपनीने युरोपात ‘द डेव्हिल इज लूज’ प्रसिद्ध केली. निर्माते होते जर्मनीचे डीटर झिमरमान. यातील ‘स्पेस टॉक’ हे गाणे ऐकताना प्रथम जाणवतो तो आवाजाचा हलकेपणा. डिस्कोची गायिका म्हटली की खणखणीत आवाजाची अपेक्षा असते. येथे स्वर कुजबुजीइतका तरल आहे आणि गाण्याचा सगळा भार खालच्या बास गिटारवर आहे. तो बास ऐकू आला नाही तर गाण्याचा पायाच निघून जातो.

भारतात तेव्हा ध्वनिमुद्रिकांचा बाजार मुख्यतः चित्रपटसंगीतावर चाले आणि परदेशी तबकड्या मोजक्या घरांतच पोहोचत. आपल्याकडे डिस्को घराघरांत गेले ते ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील बिद्दू यांनी बांधलेल्या आणि नाझिया हसन यांनी गायलेल्या गाण्यामुळे. पाठोपाठ ‘डिस्को दीवाने’ (१९८१) आली. मुंबईच्या गळ्याने डिस्को त्याच्या चार वर्षे आधीच गायले होते. ते मुंबईने फारसे ऐकले नाही.

ते ऐकले न्यूयॉर्कने. डेव्हिड मॅनकुसो यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी आपल्या राहत्या जागेत एक नृत्यमेजवानी दिली. तीतून ‘द लॉफ्ट’ ही परंपरा सुरू झाली. तेथे मद्यविक्री नव्हती, प्रवेश निमंत्रितांनाच. कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी नर्तकांना, ज्यांना अन्यत्र अपमान किंवा पोलिसांची धाड सोसावी लागे, त्यांना ही जागा आपली वाटे. मॅनकुसो गाण्यांची मोडतोड करीत नसत. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजे, आणि तीही उत्तमोत्तम यंत्रांवर. ‘स्पेस टॉक’ तेथील आवडत्या गाण्यांपैकी एक झाले.

त्यांचे ध्वनिक्षेपक होते क्लिप्शहॉर्न. गंमत अशी की तत्त्वतः तोही भोंगाच! सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्ज स्वराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. हातभर तोंडाच्या भोंग्याला ती झेपत नाही. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात लांब भोंगा घड्या घालून लाकडी पेटीत बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन्ही भिंतीच मग भोंग्याचे तोंड होतात. मांडवात हरवणारा खर्ज येथे पायांखालच्या फरशीतून जाणवे.

तबकडीचीही स्वतःची मर्यादा असते. खालचा स्वर जितका जोरकस, तितकी खाच रुंद हेलकावे घेते आणि अधिक जागा खाते. म्हणून एका बाजूवर गाणी दाटीने भरली की खर्ज दाबावा लागतो. शिवाय मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम २१. त्यामुळे शेवटच्या गाण्यांची धार बोथट होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास टॉम मोल्टन यांनी लहान कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून एकच गाणे बारा इंची तबकडीवर ऐसपैस कोरून घेतले, आणि डिस्कोला आपला हक्काचा आकार सापडला. ध्वनिरसिकांसाठीच्या आजच्या आवृत्त्यांत एकच एलपी दोन तबकड्यांवर पसरलेली दिसते, त्यामागे हेच गणित आहे.

१९९७ मध्ये द नटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या संग्रहात ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला, आणि नव्या पिढीने मूळ गायिकेचा शोध सुरू केला. २००६ मध्ये पुथली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गायल्या; साथीला होते ‘सायन्स फिक्शन’वर वाजवणारे सॅक्सोफोनवादक ड्यूई रेडमन. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेडमन यांचे निधन झाले. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मिस्टर बोंगो कंपनीने पुथलींच्या निवडक गाण्यांची ‘द इसेन्शियल आशा पुथली’ ही एलपी काढली.

अशा पुनर्मुद्रणांच्या वेष्टनावर ‘१८० ग्रॅम’ असे ठळक छापण्याची प्रथा आहे. जाड तबकडी सहज वाकत नाही, हातात भारदस्त वाटते. पण केवळ वजनाने खाचेतला आवाज सुधारत नाही. त्याहून महत्त्वाची ओळ सहसा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते: तबकडी मूळ ध्वनिफितीवरून कोरली की कुठल्या तरी नकलेवरून, आणि ती कोरली कोणी.