स्मार्ट दागिने

स्मार्ट दागिने : संवेदक, चिप, अँटेना किंवा बॅटरी आतच बसवलेले आणि शरीराची नोंद घेणे, पैसे चुकते करणे, संकटाचा इशारा देणे अशी कामे करणारे दागिने. अंगठी हा त्यांतला सर्वांत रुळलेला प्रकार असून लॉकेट, कडे आणि बांगडी या रूपांतही ते मिळतात. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ हे त्यांचे जवळचे भावंड. घड्याळाला पडदा असतो आणि त्याच्याकडे पाहावे लागते. स्मार्ट दागिन्याला बहुधा पडदा नसतो आणि तो अंगावर असल्याचा विसर पडावा अशीच त्याची घडण असते. मराठी घरात दागिना शोभेसाठी असतो तसाच अडीअडचणीच्या वेळेसाठीही असतो. त्यामुळे या नव्या वस्तूचा विचार करताना तिच्या तंत्राबरोबर तिची मोड आणि तिने गोळा केलेल्या माहितीची मालकी हेही पाहावे लागते. नागपूरच्या बाजारात आणि रस्त्यावर हे दोन्ही प्रश्न ठळकपणे दिसतात.

पूर्वपीठिका : दागिन्याकडून काम करून घेणे जुनेच आहे. मुद्रेच्या अंगठीने कागदावर शिक्का उमटे आणि तीच सही मानली जाई. ताईत म्हणजे सोन्याची किंवा चांदीची छोटी पेटी. तिच्यात मंत्र लिहिलेले भूर्जपत्र ठेवत आणि ते घालणाऱ्याचे रक्षण करते अशी श्रद्धा असे. मंगळसूत्र, विदर्भ-खानदेशाकडचे डोरले आणि पायातली जोडवी पाहणाऱ्याला बाईच्या विवाहाची खूण सांगतात. ओळख, रक्षण आणि खूण ही तिन्ही कामे दागिना पूर्वीपासून करत आला. विजेच्या उपकरणांनी त्यात एका गोष्टीची भर घातली : अंगावर निर्माण झालेली माहिती अंगावरच न राहता मोबाइलमध्ये आणि तिथून दूरच्या संगणकावर जाऊ लागली.

रचना आणि कार्य : आरोग्यनोंद ठेवणाऱ्या अंगठीची जाडी साधारण अडीच मिलिमीटर आणि वजन तीन-चार ग्रॅमच्या आसपास असते. बाहेरचे कवच बहुधा टायटॅनियमचे असते. बोटाला लागणारी आतली बाजू अनेकदा पारदर्शक राळेची असते, कारण धातूतून ना प्रकाश जातो ना रेडिओलहरी. या दोन थरांच्या मध्ये वाकवलेली लिथियम बॅटरी, पट्टीसारखा लवचीक सर्किट बोर्ड आणि संवेदक बसवतात. बॅटरीची क्षमता वीस मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. आजच्या मोबाइलची पाच हजारांच्या घरात असते. एवढ्याशा विजेवर अंगठी चार ते सात दिवस चालते, कारण तिला पडदा उजळायचा नसतो आणि ती थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथवरून नोंदी पाठवते.

नाडी मोजण्यासाठी हिरवे, तांबडे आणि अवरक्त दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातल्या रक्ताचे आकारमान किंचित बदलते आणि परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. हा चढउतार मोजून नाडी आणि रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज काढला जातो. बोटाच्या दोन्ही कडांनी रक्तवाहिन्या त्वचेजवळून जात असल्याने तिथे संकेत चांगला मिळतो. हालचालीचा संवेदक पावले आणि झोप नोंदवतो, तापमानाचा संवेदक त्वचेच्या उष्णतेतला फरक टिपतो. पैसे देण्याच्या अंगठीची रचना याहून साधी. तिच्यात बॅटरीच नसते. दुकानातल्या यंत्राजवळ नेली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते.

जगातील वाटचाल : अंकी इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ बाजारात आले तेच दागिन्याच्या रूपात. अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीचे पल्सर १९७२ मध्ये १८ कॅरेट सोन्याच्या पेटीत विकायला आले आणि त्याची किंमत २,१०० डॉलर होती. १९९८ मध्ये संगणकतज्ज्ञांच्या एका परिषदेत चिप बसवलेली ‘जावा रिंग’ वाटण्यात आली. २०१४ मध्ये इंटेलने ‘मायका’ हे कडे आणले, बेलाबीटचे पानाच्या आकाराचे ‘लीफ’ही त्याच वर्षीचे, आणि रिंगलीने खड्याच्या अंगठीत फोन आल्याची सूचना देणारी थरथर बसवली. त्यांतली मायका आणि रिंगली फार दिवस टिकली नाहीत. फिनलंडमधील औलू शहरात २०१३ मध्ये स्थापन झालेल्या औरा कंपनीने २०१५ मध्ये लोकवर्गणीतून पहिली अंगठी बाजारात आणली आणि तिचा झोपेच्या नोंदीवरचा भर लोकांना पटला. २०२० च्या करोनाकाळात अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडूंना ती देण्यात आली, तेव्हा तिचे नाव सर्वतोमुखी झाले. २०२४ मध्ये सॅमसंगनेही अंगठी आणली.

भारत आणि महाराष्ट्र : भारतात या दागिन्यांची सुरुवात सुरक्षिततेच्या गरजेतून झाली. आयआयटी दिल्लीच्या माजी विद्यार्थ्यांच्या लीफ वेअरेबल्स या कंपनीने ‘सेफर’ हे लॉकेट केले. त्याची कळ दोनदा दाबली की घरच्यांना ठिकाणासह इशारा जातो. या कंपनीला २०१८ मध्ये महिला सुरक्षेसाठीचे दहा लाख डॉलरचे एक्सप्राइझ पारितोषिक मिळाले. २०१९ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या अल्ट्राह्यूमन कंपनीने आरोग्यनोंदीच्या अंगठ्या आणल्या. पुढे बोट आणि नॉइज या परिचित कंपन्याही त्यात उतरल्या. अल्ट्राह्यूमनने २०२५ मध्ये १८ कॅरेट सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये घडवलेली अंगठी जाहीर केली आणि उपकरण सराफाच्या प्रांतात शिरले.

महाराष्ट्रातले याच्या जवळचे उदाहरण विजेशिवायचे आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या नीलवसंत मेडिकल फाउंडेशनने ग्रे सिंगापूर या जाहिरातसंस्थेच्या साथीने ग्रामीण आणि आदिवासी भागात ‘जीवन बिंदी’ वाटली. टिकलीच्या मागच्या बाजूला आयोडीनचा लेप होता आणि दिवसभर कपाळावर असताना ते त्वचेतून थोडे थोडे शरीरात जावे अशी कल्पना होती. आयोडीनयुक्त मिठाची जागा ती घेऊ शकत नव्हती. तरीही बाई रोज न चुकता जे लावते त्यातूनच तिच्यापर्यंत पोहोचावे, हा तिच्यामागचा विचार मोलाचा होता. ग्रामीण इंटेल या कंपनीने बांगलादेश आणि भारतातील गरोदर स्त्रियांसाठी केलेल्या ‘कोएल’ बांगडीतही हाच विचार आहे. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढला की ती सावध करते, बाईच्या भाषेत आरोग्याच्या सूचना देते आणि गरोदरपणाच्या काळात तिला चार्ज करावे लागत नाही.

नागपूर, सराफा ओळ आणि मोड : नागपूरचा सोन्याचांदीचा जुना बाजार, म्हणजे सराफा ओळ, इतवारीत आहे. इथल्या दागिन्यात बसलेले सर्वांत प्रचलित तंत्र म्हणजे एचयूआयडी. अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा हा क्रमांक लेझरने कोरतात आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तो टाकला की दागिन्याची शुद्धता आणि नोंदणी कळते. हॉलमार्किंगची सक्ती १६ जून २०२१ पासून नागपूरसह २५६ जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाविना हॉलमार्कचे सोने विकता येत नाही. त्याला ना बॅटरी लागते ना अपडेट. दागिना आटवेपर्यंत तो टिकतो.

दागिना मोडायला नेला की सराफ काय करतो ते पाहिले, तर स्मार्ट दागिन्याची उणीव लगेच लक्षात येते. बोरमाळेचा मणी बाहेरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आतून लाखेने भरलेला असतो. लाखेमुळे पोकळ मणी चेपत नाही. मोडीच्या वेळी सराफ माळ तोलतो, टंच काढतो, लाखेचे वजन वजा करतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचा त्या दिवसाचा भाव सांगतो. घडणावळ बुडते, पण सोने बुडत नाही. आजीच्या माळेची नातीसाठी ठुशी होते ती अशीच. स्मार्ट अंगठीतही पोकळीत राळ भरलेली असते. मात्र तिचे सगळे मोल त्या राळेत रुतलेल्या भागांत असते. दोन-तीन वर्षांत बॅटरी मंदावते, ती बदलता येत नाही आणि टायटॅनियमच्या कवचाला सराफाकडे भाव नाही. बोट जाड झाले तर सोन्याची अंगठी कापून वाढवून मिळते, ही मिळत नाही. म्हणूनच ती घेण्याआधी प्लॅस्टिकच्या नमुना-अंगठ्या दिवसभर घालून माप ठरवावे लागते.

सोन्यात घडवलेल्या उपकरणाचे काय होते हे अॅपलच्या ‘वॉच एडिशन’ने दाखवले. १८ कॅरेट सोन्याचे हे घड्याळ २०१५ मध्ये दहा हजार डॉलरपासून पुढे विकले गेले. २०१६ मध्ये सोन्याची आवृत्ती बंद झाली आणि २०१८ च्या नव्या प्रणालीत त्या पिढीच्या घड्याळाला जागाच नव्हती. सोने होते तसे राहिले, आतले यंत्र तीन वर्षांत जुने झाले. यावर उपाय सोनारकामातच आहे. कोंदणातला खडा सैल झाला किंवा नकोसा झाला की सोनार तो काढून दुसरा बसवतो, कोंदण तेच राहते. उपकरण खड्यासारखे काढता-घालता येईल असे कोंदण घडले, तर दागिना पिढ्यानपिढ्या राहील आणि यंत्र तेवढे बदलता येईल.

माहितीची मालकी : अंगावरच्या उपकरणांचा नागपुरातला मोठा प्रयोग दागिन्याचा नव्हता. महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कायम कामगार असो की ऐवजदार (बदली कामगार), त्याचे बीट, म्हणजे कामाची हद्द, नकाशावर आखलेले असे. तो त्या हद्दीत किती वेळ होता हे दूरच्या पडद्यावर दिसे आणि हजेरी त्यावर ठरे. खोटी हजेरी थांबवणे हा त्यामागचा हेतू होता. पण पहाटे झाडू मारणाऱ्या बाईला पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृह शोधायला बीटबाहेर जावे लागते, आणि त्याचे कारण घड्याळाला कळत नाही. चंदीगड आणि पंचकुला येथे अशाच घड्याळांना कामगारांनी विरोध केला. आरोग्याची अंगठी आणि हे घड्याळ यांतले तंत्र जवळपास सारखेच आहे. अंगठी माणूस स्वतः विकत घेतो, नोंदी स्वतः पाहतो आणि हवी तेव्हा काढून ठेवतो. घड्याळ दुसऱ्याने बांधलेले असते, नोंदी दुसरा पाहतो आणि ते काढले तर पगाराचा प्रश्न येतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती, दुरुस्ती आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. मात्र नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीविनाही माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. ज्याच्या हातात कमी सत्ता आहे त्याला या मुभेची झळ जास्त लागते.

मर्यादा : बाजारातल्या बहुतेक स्मार्ट अंगठ्या वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणित नसतात. त्वचा न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. प्रकाशाने ऑक्सिजन मोजणारी यंत्रे सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे संशोधनातून दिसले आहे. आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात बोटे सुजतात, त्वचेच्या तापमानाची नोंद शरीराबरोबर हवेचीही होते आणि तापलेल्या लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. निकामी झालेले उपकरण हा ई-कचरा असून त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

स्थान : लग्नात बाईला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे आणि त्यावर तिचीच मालकी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. सासरी कपाटाची किल्ली कोणाकडेही असली तरी हक्क तिचाच राहतो. स्मार्ट दागिना तिच्या अंगावर राहून तिची झोप, तिची पाळी आणि तिचे येणे-जाणे टिपतो. त्या नोंदी कंपनीच्या संगणकावर ठेवलेल्या असल्या तरी त्याही तिचेच धन आहेत. सोन्याला जो न्याय मिळाला तो या नोंदींना मिळेल, तेव्हाच या वस्तूला दागिना म्हणणे सार्थ होईल.