पाथरवटाचा सांधा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली : "आयटीवर लिहू नकोस, ते सगळेच लिहिणार आहेत." म्हणून हा इतिहासाचा लेख. आपल्या इतिहासाच्या बाई 'कारणे द्या'मध्ये मोघम उत्तर आलं की वहीवर लाल शाईने 'म्हणजे काय?' एवढंच लिहायच्या. बाई, या वेळी कारणं नीट देते.

विषय आहे स्वयंपाकाच्या ओट्याचा कोपरा. हसू नका.

आपल्याकडे ओटा कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा. मी आता इंग्लंडमध्ये राहते. इथल्या साध्या घरांत ओटा म्हणजे चिपबोर्डची जाड फळी असते : ६०० मिलिमीटर रुंद, सुमारे ४० मिलिमीटर जाड, बहुधा तीन मीटर लांब. वर सनमायकासारखं लॅमिनेट. हे लॅमिनेट गरम करून पुढच्या कडेवरून गोल वळवलेलं असतं, म्हणजे पोटाला टोचत नाही आणि पाणी आत शिरत नाही. सगळी गोम या गोलाईत आहे.

ओटा एल आकाराचा असेल तर कोपऱ्यात दोन फळ्या जोडाव्या लागतात. एक दुसरीला नुसती टेकवली, तर गोलाईपाशी फट उरते. दोन्ही ४५ अंशांत कापाव्यात, तर ६०० मिलिमीटरच्या जागी जवळजवळ ८५० मिलिमीटर लांब तिरका सांधा होतो, आणि खोलीचा कोपरा बरोबर काटकोनात नसला (तो कधीच नसतो) तर सगळं बिघडतं. तिसरा उपाय म्हणजे मध्ये धातूची पट्टी. आमच्या जुन्या ओट्याला ती होती. तिच्या कडेला अडकलेली कणीक मी कित्येक वर्षं टूथब्रशने काढली.

याचं उत्तर युरोपातल्या पाथरवटांनी मध्ययुगातच शोधलं होतं. दगडी खिडकीच्या चौकटीला गोलाईची नक्षी असायची आणि ती कोपऱ्यात वळवावी लागायची. पण ४५ अंशांत कापलेल्या दगडाचं टोक ठिसूळ, लगेच तुटतं. म्हणून पाथरवट नक्षीचं वळण एकाच दगडात कोरायचे आणि सांधा थोडा बाजूला, सरळ रेषेत ठेवायचे. इंग्लंडमधल्या सुतारांनी ओक लाकडाच्या तावदानांत त्याची नक्कल केली. पुढे लाकूड ४५ अंशांत सहज कापता येतं म्हणून ती रीत मागे पडली, नाव मात्र राहिलं : 'मेसन्स मायटर'. आजच्या ओट्याला फक्त पुढची गोल कड, बोटभर रुंदीची, ४५ अंशांत कापतात आणि बाकीचा सांधा सरळ ठेवतात. काटेकोर बोलायचं तर हा अस्सल पाथरवटी सांधा नव्हे, पण युक्ती तीच.

ही युक्ती लॅमिनेटपाशी कशी पोहोचली? १९१३ साली अमेरिकेत सिनसिनाटीला हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर यांनी विजेच्या सामानात अभ्रकाऐवजी वापरायला एक पदार्थ बनवायला घेतला. अभ्रक म्हणजे 'मायका', म्हणून 'फॉर मायका', फॉर्मायका. पुढे त्यावर रंग आणि नक्षी आली आणि तो घराघरांत शिरला. पण हे लॅमिनेट साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता घालवतं. १९२०च्या दशकात जर्मनीत क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं, हिऱ्यासारखं कठीण या अर्थाने नाव ठेवलं 'विडिया'. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात 'विडियाचा बिट द्या' म्हणतात, तोच हा शब्द. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, पातं फिरत असतानाच वरून खाली उतरवता येईल असा राउटर आला. पातं, यंत्र आणि फळी जमून आली. राहिला तो हात.

त्या हाताच्या जागी जिग आहे. जिग म्हणजे खाचा पाडलेला जाड साचा. राउटरच्या तळाला ३० मिलिमीटरचं कडं लावायचं, ते खाचेत घासत पुढे जातं, पातं १२.७ मिलिमीटरचं. म्हणजे खाचेच्या कडेपासून ८.६५ मिलिमीटर आत काप येतो, आणि साच्यात हा फरक आधीच धरलेला असतो. एका दमात खोल कापायचं नाही, आठ-दहा मिलिमीटरच्या थरांनी उतरायचं आणि शेवटी पूर्ण खोलीवर एक हलका हात. पात्याने गोल कडेतून आत शिरायचं, कडेतून बाहेर पडायचं नाही, नाहीतर लॅमिनेटचे टवके उडतात. त्यामुळे कोपरा उजवा की डावा यावर फळी उताणी ठेवायची की पालथी हे ठरतं.

इथेच मी चुकले. राउटर आणि जिग भाड्याने आणून मी डाव्या फळीवर उजवा काप घेतला. कोड चुकला तर मागे घेता येतो. तीन मीटरची फळी गेली ती गेली.

त्या वेळी बाबा आमच्याकडे आले होते. बाबांना तुम्ही सगळे ओळखता. आपल्या शाळेची बाकं तेच दुरुस्त करायचे. आठवीत ते आपल्या वर्गात एका बाकाची कूस बसवायला आले, तेव्हा शेजारणीने मला विचारलं, "तुझे बाबा ना गं?" मी म्हटलं, "नाही, आमच्या गल्लीत राहतात." बाबा दोन हातांवर होते. त्यांनी पाचर ठोकली, पटाशी पिशवीत टाकली आणि गेले. घरी त्यांनी ते कधीच काढलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

वाया गेलेली फळी पाहून ते रागावले नाहीत. "अगं, आधी फळीवर खडूने पुढं-मागं, उजवं-डावं लिहायचं. मी अजून लिहितो." मग त्यांनी जिग उचलून उलटसुलट पाहिला. "हे कोणी बनवलं?"

"कारखान्यात बनतं."

"त्याच्या आधी कुणीतरी हाताने करून बघितलं असणार," ते म्हणाले.

दुसरी फळी आणली. बाबांनी खडूने लिहिलं, मी कापलं. कापलेल्या कडांना आम्ही रंगाला जुळणारं सीलंट फासलं, कारण उघड्या चिपबोर्डला पाणी लागलं की तो पावासारखा फुगतो. मग खालून तीन बोल्ट आवळले. बाबांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. नख अडकलं नाही. "चहा टाक," म्हणाले.

मेळाव्याला मी त्यांना घेऊन येते आहे. खिडकीजवळचं तिसरं बाक अजून तेच आहे का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आहे. कुणी आधी शाळेत जाणार असेल तर पाहून कळवा.