तळटीप २७ : 'केऑस ए. डी.'

साकोलीच्या दंडारीविषयी लिहिताना लेखकाने ज्या परदेशी ध्वनिमुद्रिकेचा ओझरता उल्लेख केला आहे, ती ब्राझीलच्या सेपुल्तुरा या हेवी मेटल वृंदाची १९९३ मधील 'केऑस ए. डी.' होय. बेलो होरिझोन्ते शहरात १९८४ साली, म्हणजे लष्करी राजवट संपण्याच्या आदल्या वर्षी, मॅक्स व इगोर कॅव्हेलेरा या बंधूंनी स्थापिलेल्या या वृंदाने अँडी वॉलेस यांच्या साहाय्याने वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत ती सिद्ध केली. आणि पूर्वीच्या निव्वळ वेगाचा मोह सोडून तालाचा संथ, भारदस्त आघात पत्करल्यामुळेच तिच्यातील अभियोग इतका ठसठशीत उमटला, असे माझे मत आहे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साव पावलोच्या कारांदिरू तुरुंगात दंगलीच्या बंदोबस्तासाठी शिरलेल्या लष्करी पोलिसांच्या कारवाईत १११ कैदी मृत्युमुखी पडले, त्याचा जणू पंचनामाच 'मॅनिफेस्ट' या रचनेत आहे. परंतु अधिक हृदयस्पर्शी आहे ती 'कायोवास' : चेपस्टोच्या भग्न किल्ल्यात, विद्युत्-वाद्ये बाजूस सारून, केवळ साध्या गिटारी व तालवाद्ये यांवर मुद्रित झालेली ही शब्दहीन रचना, वाडवडिलांच्या जमिनीतून बेदखल होऊन आत्महत्येकडे लोटल्या गेलेल्या ग्वारानी-कायोवा आदिवासींच्या व्यथेतून जन्मली. वनहक्काच्या दाव्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविणाऱ्या झाडीपट्टीतील गोंड कुटुंबांना ती व्यथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे १९९६ च्या 'रूट्स'साठी हा वृंद शावांते आदिवासींच्या वस्तीत गेला आणि त्यांच्यासमवेत गायन-वादन मुद्रित करून आला. — संपादक