दोन शेरांना एक पैसा

रेवसच्या मुखातून धरमतरच्या खाडीने आत गेले म्हणजे पेण तालुका लागतो. त्या तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. भूदानाचे विनोबा आपणां सर्वांना ठाऊक आहेत, आणि भूदानाविषयी आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे मत काय, तेही ठाऊक आहे. तो वाद आज नको. आज बोलायचे आहे ते विद्यार्थी विनायकाविषयी.

बडोद्यास शिकत असता त्याने सोबत्यांचे एक विद्यार्थी मंडळ काढले होते. वाचावे, भाषणे करावी, दूरवर चालत जावे, असा त्यांचा क्रम असे. शिवजयंती चार भिंतींत कशी साजरी करायची, म्हणून ही मुले वर्ग बुडवून रानात गेली. दंड होणार हे धरून चार आणे जवळ ठेवले होते! मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईस म्हणून निघालेला हा मुलगा सुरतेस उतरला आणि काशीला गेला. तत्पूर्वी त्याने आपली प्रशस्तिपत्रे आईसमोर चुलीत घातली होती. जून १९१६ मध्ये तो गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला.

परंतु आम्हांला खरे मोल वाटते ते पुढच्या वर्षाचे. १९१७ मध्ये वर्षाची रजा घेऊन विनोबा वाईस आले. नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांना उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे शिकायची होती. तिथेही त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले व वाचनालय सुरू केले. पुस्तकांना पैसा हवा. वर्गणीची वही घेऊन ते सावकारांच्या ओसरीवर गेले नाहीत. दळणाचा वर्ग काढला. विनोबा आणि पंधरा विद्यार्थी जात्यावर बसत. दोन शेरांना एक पैसा घेत आणि तो पैसा वाचनालयाला जाई. त्यांत सधन घरची मुलेही होती. वाईसारख्या सनातनी गावात ब्राह्मणांची पोरे जाते ओढतात, हे पाहून लोकांनी त्यांना मूर्खांत काढले.

आम्ही हा हिशेब मजुराच्या रीतीने करून पाहिला. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया मिळवायला एकशे अठ्ठावीस शेर, तीन मण आठ शेर, दळायचे. एका बऱ्या पुस्तकाला किती घाम लागतो, हे त्या मुलांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसेल. एक गोष्ट मात्र आम्ही बोलल्यावाचून राहणार नाही: तेच जाते घरोघरी बाया पहाटे उठून ओढीत होत्या, आणि त्यांना दोन शेरांना अर्धा पैसाही कोणी दिला नव्हता. पोरांनी जात्याला हात लावला तेव्हा त्या कामाची मजुरी गावात प्रथमच उघडपणे बोलली गेली असेल, असे आम्हांस वाटते.

पुढारीपण याहून निराळे ते काय? जो सांगतो तो आधी खुंटा धरतो. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती चांगलीच झाली. पण वर्षाचे एकशे वीस तास भरले की नाही, दाखला मिळेल की नाही, याचीच विचारपूस करणारी मुले आमच्याकडे येतात तेव्हा आम्हांला ती चूल आठवते. मुलांना दोष देत नाही. नोकरीच्या दारात दाखला मागतात, चूल कोणी विचारीत नाही.

वाईचा दळणवर्ग दोनेक महिनेच चालला. विनोबांनी १९१८ साली गांधीजींना लिहिलेल्या पत्रात तो काळ वाढवून सांगितला नाही. आम्ही सभांचे अहवाल लिहिताना पंचवीस माणसांचे शंभर करतो, म्हणून हे विशेष वाटले. वाचनालयात पुस्तके जमली चारशे. रजेचे वर्ष सरले त्याच दिवशी विनोबा आश्रमात परतले. गांधीजींच्या ती तारीख ध्यानातही नव्हती.